सोलापुरी भिंतीवर थर्मोस्टॅटची शास्त्रोक्त स्थापना

सोलापुरात भिंतीवरचा थर्मोस्टॅट बसवायचा असेल तर पहिली पायरी ड्रिल मशीन आणण्याची नाही, भिंत ठरवण्याची आहे, आणि बहुतेक घरांचं काम याच पायरीवर अडतं. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत भिंतीविषयी ज्या अटी असतात त्या स्थळ बघताना घालतात तितक्याच काटेकोर असतात. भिंत घराच्या आतली हवी, जागा जमिनीपासून साधारण पाच फुटांवर हवी, तिथं ऊन पडता कामा नये, पलीकडून स्वयंपाकाची धग नको, शेजारी टीव्ही किंवा फ्रीज नको, दारातून येणारा झोत नको, पण हवा मात्र खेळती हवी. आता या अटी घेऊन घरभर फिरा. पश्चिमेची भिंत बाद. मे महिन्यात दुपारी चारला तिला हात लावून बघावा आणि पुन्हा रात्री नऊला बघावा, म्हणजे दिवसभर घेतलेलं ऊन ती रात्री कसं व्याजासकट परत करते ते कळेल. स्वयंपाकघराला लागून असलेली भिंतही बाद, कारण पलीकडे कडक भाकरीचा तवा आहे आणि भाकरी कडक व्हायची तर तवा बराच वेळ तापलेला राहतो. रस्त्याकडच्या भिंतीत दार आहे. राहिली मधली भिंत. ती सगळ्या अटींत बसते आणि नेमकी म्हणूनच आधीच भरलेली असते: वर घड्याळ, खाली कॅलेंडर, शेजारी हार घातलेला आजोबांचा फोटो. सावलीची, डोळ्यांच्या उंचीची, येताजाता दिसणारी जागा कुठली हे घराला पुस्तिका छापायच्या आधीपासून माहीत असतं. आजोबांना उतरवून तिथं चोवीस अंश लावायचे असतील तर आधी आजींना विचारावं, आणि विचारताना ड्रिल मशीन पाठीमागे लपवावं.

जागा मिळालीच असं धरून तारांकडे वळू. अमेरिकेत जे थर्मोस्टॅट विकतात त्यांच्या पाठीवर आर, डब्ल्यू, वाय, जी अशी अक्षरं असतात. आर म्हणजे वीज आणणारी तार, वाय थंडाव्याची, जी पंख्याची आणि डब्ल्यू भट्टीची. सोलापुरी घराला भट्टी नसते. मार्च ते जून घर स्वतःच ती जबाबदारी सांभाळतं. म्हणून डब्ल्यू तारेच्या टोकाला टेप गुंडाळून ती बाजूला सारावी. उरलेल्या तारा मात्र चुकूनही पत्र्याच्या कूलरला जोडू नयेत. हे यंत्र २४ व्होल्टवर चालतं आणि कूलर २३० वर, त्यामुळे त्यांची भेट एकदाच होईल आणि तिचा वास घरभर राहील. भिंतीवरच्या एसीचा तर प्रश्नच नाही, त्याचा थर्मोस्टॅट त्याच्या पोटातच असतो.

इथपर्यंत आल्यावर यंत्र बसत का नाही हे विचारणं भाग पडतं, आणि त्याचं उत्तर यंत्राच्या जन्मात आहे. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी वॉरेन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. शिपाई वारंवार वर्गात शिरून थर्मामीटर बघायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमीजास्त करायचा. या येण्याजाण्याला कंटाळून जॉन्सननी जे यंत्र केलं त्याचं पेटंट त्यांना १८८३ साली मिळालं. त्या यंत्राचं काम झडप हलवणं हे नव्हतंच. खोलीत ऊब कमीजास्त झाली की तळघरात घंटा वाजवून माणसाला उठवणं हे होतं. म्हणजे मूळ थर्मोस्टॅट हा हाक मारणारा होता. ‘अरे, पंखा जरा तीनवर कर रे’ ही सोलापुरी घरात रोज ऐकू येणारी हाक हे त्याचं तारेविना चालणारं रूप आहे. फरक गृहीतकात आहे. व्हाइटवॉटरची इमारत थंडीसाठी बंद केलेली, तिच्यात एकच भट्टी, आणि सगळ्यांनी जागच्या जागी बसायचं. थर्मोस्टॅट माणसाला जागेवर ठेवतो आणि हवा बदलतो. सोलापूरनं उलट हिशेब केला: हवा आहे तशी राहू द्या, माणूस हलवा.

हा हिशेब आळसातून आलेला नाही, बांधकामातून आला आहे. जुन्या माळवदाच्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आणि चांगल्या जाड, वर लाकडी तुळयांवर मातीचा थर, आणि उजेडापुरतं एक सवणं. अशा घराला एक तापमान नसतंच, तासागणिक बदलणारी चार तापमानं असतात. पहाटे दारं-खिडक्या उघडायच्या आणि ऊन चढायच्या आत लावून घ्यायच्या. दुपारी सगळं बिऱ्हाड माजघरात, जिथं ऊन पोचायला जाड भिंतीतून संध्याकाळ होते. भिंत तापून आतून धग द्यायला लागली की माणसं ओट्यावर. जेवणं झाली की अंथरुणं माळवदावर, कारण मातीचा थर वरून निवलेला असतो. यात आकडा कुणी लावत नाही, फक्त अंथरूण-पांघरूण उचलून नेतात. जी इंजिनीअरिंगच्या वर्गात कंट्रोल सिस्टिम म्हणून शिकवतात ती इथं चटईच्या रूपात खांद्यावरून जाते.

यावर शास्त्राचं म्हणणं काय ते बघायला हवं, नाहीतर हे नुसतं गावाचं कौतुक ठरेल. आरामदायक तापमान जगभर एकच असतं या समजुतीला डेन्मार्कच्या फँगर यांच्या १९७०च्या ग्रंथानं मोठं बळ दिलं. त्यांचं गणित बंद कक्षात बसवलेल्या माणसांवर, त्यात बहुतेक विद्यार्थ्यांवर, बेतलेलं होतं. आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतातल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना विचारून वेगळं सूत्र काढलं, आणि २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेनं ते स्वीकारलं. खिडक्या उघड्या राहणाऱ्या इमारतीसाठी ते सूत्र असं: बाहेरच्या अलीकडच्या दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. सोलापुरात मे महिन्यात दुपारी ४० आणि पहाटे २५ अंश धरले तर सरासरी साडेबत्तीस येते, आणि उत्तर ३०.४. म्हणजे उन्हाळ्याला सरावलेल्या माणसाला पंख्याखाली तीस अंशांत बरं वाटणं हा सोसण्याचा पराक्रम नाही, तो साधा गुणाकार आहे. हे कागदावर आलं तेव्हा दुपारी माजघरात लवंडलेल्या कुणाची झोप मोडली नाही.

आता पहिला आक्षेप, आणि तो खरा आहे. माळवदं गेली, स्लॅब आले. सिमेंटचा स्लॅब मातीच्या थरासारखा वागत नाही. तो दिवसभर तापतो आणि रात्री खालच्या खोलीवर उष्णता ओतत राहतो, त्यामुळे दुपारी माजघरात सरकण्याची सोयच उरलेली नाही. खोल्या दोन, दारं एकमेकांसमोर, आणि पलीकडे शेजाऱ्याची भिंत. मग सरकायचं कुठं? हे मान्य करूनच पुढचं सांगतो. जिथं माणूस सरकू शकत नाही तिथं सोलापूरनं पाणी सरकवलं, आणि त्याचं नाव कूलर. कूलरला थर्मोस्टॅट लागत नाही, कारण त्याचा थर्मोस्टॅट आभाळात आहे. हवा ४० अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर बावीस-तेवीसवर थांबतो. मधल्या सतरा अंशांपैकी तीन चतुर्थांश जरी चांगल्या पॅडनं कापले तरी खिडकीतून सत्तावीसची हवा येते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला हीच वजाबाकी साडेचार अंशांतच आटोपते, वर अंगाला चिकचिक. म्हणून मुंबईकरानं सोलापुरी कूलरला हसू नये, त्यात भूगोल त्याच्या विरुद्ध आहे. कूलरची योग्य जागा खिडकीबाहेर, सावलीच्या बाजूला, आणि समोरची दुसरी खिडकी चार बोटं उघडी. खोली बंद करून कूलर लावणारा माणूस तासाभरात स्वतःला इडलीच्या भांड्यात सापडतो. समायोजन करायचं ते पंख्याच्या बटनानं नाही, समोरच्या खिडकीच्या फटीनं.

दुसरा आक्षेप लगेच येतो: कूलर पाणी पितो, आणि ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार हे कॅलेंडरवर खूण करून लक्षात ठेवावं लागलं आहे तिथं पाणी हवेत उडवणं शोभतं का? प्रश्न रास्त आहे, पण तो अर्ध्यावर सोडला जातो. एक लिटर पाणी वाफ होताना पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता घेऊन जातं. एसी ती उष्णता विजेनं बाहेर टाकतो, आणि वीज कुठून येते? सोलापूरच्या दारातच फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. तिथल्या शीतकरण मनोऱ्यांतून पांढरे लोट उठतात ते धुराचे नसतात, वाफेचे असतात; तिथं उष्णता शेवटी पाणी उडवूनच घालवली जाते, आणि ते पाणीही, नळाच्या पाण्यासारखं, उजनी धरणाचंच. तिथली वीज नेमकी तुमच्याच एसीत येते असं नाही, जाळ्यात सगळी वीज एकत्र होते. पण एसी म्हणजे बिनपाण्याचा कूलर ही समजूत सोडून द्यावी. त्याचा कूलर दुसऱ्याच्या शिवारात ठेवलेला असतो एवढंच.

तरीही ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी रिमोट कसा वापरावा हे सांगायला हवं, कारण भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची खरी गादी आता त्याच्याकडे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. ब्युरोचा हिशेब असा की एकेक अंश वर चढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसीचा आकडा २० ते २८ च्या मध्येच राहील अशी मर्यादा घालण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा अठरावर झोपणाऱ्यांना फार वाईट वाटलं. त्यांचं दुःख एका चुकीच्या समजुतीवर उभं आहे. आकडा अठरावर नेल्यानं खोली लवकर थंड होत नाही, साध्या एसीत कॉम्प्रेसर चोवीसला जेवढा पळतो तेवढाच अठराला पळतो, फक्त थांबत नाही. शिवाय तापमान मोजणारा संवेदक एसीच्या तोंडाशी, सात-आठ फुटांवर असतो, आणि माणूस गादीवर दीड फुटावर. रिमोटवरचा आकडा म्हणजे छताजवळच्या हवेची प्रकृती. तुमची नव्हे.

इथं घरातल्या एका जुन्या थर्मोस्टॅटकडे लक्ष वेधतो, कारण सोलापूर कापडाचं गाव आहे. इस्त्री. तिच्या चकतीखाली दोन धातूंची पट्टी असते. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त ताणला जातो, पट्टी वाकते, टक् आवाज होतो आणि दिवा विझतो. चकतीवर नायलॉन, सिल्क, वूल, कॉटन असे टप्पे असतात, म्हणजे इस्त्रीला माहीत आहे की सगळ्यांना एक आकडा चालत नाही. घरात आजींना पंखा दोनवर हवा, कॉलेजच्या मुलाला पाचवर आणि पाळण्यातल्याला नकोच. पण भिंतीवरच्या यंत्राच्या चकतीवर माणसांचे टप्पे कुणी छापलेले नाहीत. कापडाबाबत मात्र हवेचा विचार इथं शंभर वर्षांहून जुना आहे. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालची. सुती विणकामात हवा कोरडी झाली की ताण्याचे धागे तुटतात, म्हणून गिरण्यांच्या विणकाम खात्यात आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत राखतात. उन्हाळ्यात त्या ओल्या उष्म्यात उभं राहणाऱ्या माणसाला घाम सुकवायची सोय नसते. हवा नियंत्रित होती, सुतासाठी. हा या लेखाला बसणारा सगळ्यात जड आक्षेप आहे: माणूस हलवा हे सूत्र मागावर उभ्या असलेल्याला, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला, अंथरुणाला खिळलेल्याला लागू पडत नाही. त्यांच्यासाठी पत्र्यावर चुन्याचा हात, आत गवताचं किंवा थर्माकोलचं छत आणि दुपारच्या पाळीला पाणी पिण्याची सुट्टी हे उपाय आधी, थर्मोस्टॅट नंतर.

हिवाळ्याचं प्रकरण लवकर आटपतं. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे संक्रांतीला, पहाटे जो गारवा पडतो त्यासाठी सोलापुरात घर तापवत नाहीत, माणूस गुंडाळतात. त्याचं उपकरण भौगोलिक मानांकन मिळवलेली सोलापुरी चादर. तिचं समायोजन सोपं आहे: अंगावर एकेरी, मग दुहेरी घडी, आणि जास्त झाल्यास एक पाऊल बाहेर. या पावलाचा अचूकपणा अर्ध्या अंशापर्यंत जातो आणि हे काम झोपेतच होतं.

उन्हाळ्याचं अंतिम समायोजन रात्रीचं. जेवणानंतर गच्चीवर चार बादल्या पाणी मारावं, पण सूर्य मावळल्याबरोबर नाही. तेव्हा मारलं तर स्लॅब सगळं पाणी पिऊन पुन्हा तापतो. नऊच्या सुमारास मारावं. आधी वाफेचा वास येतो, मग सिमेंट काळं पडतं, आणि ते फिकट व्हायला लागलं की साडेदहाच्या आसपास त्यावर पाठ टेकता येते. पाण्याचा दिवस नसेल तर बादली दोनवर आणावी आणि अंथरूण कठड्यापासून दूर, वारा येतो त्या बाजूला घालावं. खाली मधल्या भिंतीवर, आजोबांच्या शेजारी, थर्मोस्टॅट तेवढा वेळ रिकाम्या खोलीचं तापमान अगदी बिनचूक दाखवत असतो.