सोफा तोच, बाकडं तेच

“माई, एकट्याच हसताय त्या कुणाला?” मी वईपलीकडून विचारलं. माई तांबड्या भाजीला पाणी शिंपत होत्या.

“अगो, काल रात्री नातवानं मोबाइलवर ती पिवळी माणसं दाखवली. अख्ख्या घराला कावीळ झाल्यासारखी!”

“सिम्प्सन्स!”

“तीच. सुरुवातीला सगळी धावत येतात नि सोफ्यावर बसतात. सोफा तोच, पण दरवेळी बसताना काहीतरी वेगळाच घोटाळा. मी विचारलं, केव्हापासून चाललंय हे? तर म्हणे १९८९ पासून. म्हणजे गोवा घटकराज्य होऊन दोन वर्षं झाली होती, माझ्या धाकट्याची मुंज व्हायची होती. धाकट्याला आता टक्कल पडलं, तो बार्ट मात्र अजून दहाचाच!”

“आपला चिंटू तरी कुठं वाढला? तोही १९९१ पासून पेपरात लहानच राहिला.”

“वाढत नाहीत तेच बरं. आपल्या दशावतारातला शंकासुर वाढलाय कधी? काळा झगा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, वेद चोरायचे, भटजीची फिरकी घ्यायची आणि शेवटी विष्णूच्या हातून मरायचं. आज पार्श्यात मेला, उद्या कोरगावात परत हजर.”

“तरी माणसं बघतात.”

“कारण तो बोलतो ते आजचं असतं. परवा देवळात दशावतारी कालो चालला होता, नेमकं डोक्यावरून विमान गेलं. शंकासुरानं वर बघितलं आणि भटजीला विचारलं, मोपाच्या विमानतळावर ही वेदांची पोथी हातसामानात घेऊ देतात की वजनाचे वेगळे पैसे पडतात? मृदंगवाल्याची थाप चुकली हसून!”

माझं माहेर डिचोलीचं. तिथं लहानपणी शंकासुर खनिजाच्या ट्रकांच्या धुळीवर बोलायचा. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा तोच दारात उभ्या राहिलेल्या ट्रकाच्या हप्त्यांवर बोलू लागला. धूळ खाणारी माणसंच ती, पण दोन्ही वेळा हसली. दुसऱ्या वेळी जरा गप्प होऊन हसली, एवढंच.

“माई, साऊथ पार्क म्हणून आणखी एक कार्टून आहे,” मी म्हटलं. “त्याचा एक भाग सहा दिवसांत करतात, म्हणून ताज्या बातमीवर बोलता येतं.”

“सहा दिवस? आमच्या दशावताऱ्यांना सहा तास मिळाले तर देव पावला. संध्याकाळी रंग लावताना ठरतं, आज कुठलं आख्यान. लिहिलेली संहिता नाही, पाठांतर नाही. राजा जे विचारील त्याला राणीनं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. आणि सामान काय, तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग.”

“पण नातू म्हणत असेल ना, सिम्प्सन्सची पहिलीपहिली वर्षं जास्त चांगली होती?”

“म्हणतो. मीही म्हणते, पूर्वीचे शंकासुर भारी होते. हे म्हणायलाच हवं, नाहीतर म्हातारपण कशाला आलं!” माईंनी तांब्या उपडा केला. “पण एक सांगते. गेल्या साली एका मंडळीच्या शंकासुरानं आदल्या साली केलेलाच विनोद पुन्हा केला. माणसं उठली नि खाज्याच्या दुकानाकडं गेली. बाकडं जुनं असलं तर चालतं गो, त्यावर बसून बोललेलं शिळं चालत नाही.”

घरात कुकरची शिट्टी झाली. माई जायला वळल्या आणि पुन्हा वईशी आल्या.

“शुक्रवारी वरच्या वाड्यावर कालो आहे. नातवालाही नेते. तू येत असलीस तर चटई आण, आणि नऊलाच निघू. पुढं बसलं नाही तर शंकासुर काय पुटपुटतो ते ऐकू येत नाही, आणि खरी मजा त्या पुटपुटण्यातच असते.”