घरबघ्या

साताऱ्यात मोती चौकामागच्या एखाद्या बोळात साठीचा गृहस्थ मान वर करून कौलं मोजत उभा दिसला, तर त्याला पत्ता विचारू नका. तो इथे राहत नाही. पण त्या बोळातल्या कुठल्या घराला किती वारस आणि त्यातले किती एकमेकांशी बोलत नाहीत, हे राहणाऱ्यांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. तो घरबघ्या.

सगळी नोकरी पुण्याला नाहीतर डोंबिवलीला झालेली. तिकडे दोन खोल्यांचा फ्लॅट, लिफ्ट बंद. फंडाचे पैसे हातात आले की पहिला हिशेब हा, की एवढ्यात पुण्याला एक जादा बेडरूम होते आणि साताऱ्यात परड्यासकट घर होतं. शाहूपुरीला किंवा गोडोलीला नवा फ्लॅट घे म्हटलं की तो दुखावतो. ‘फ्लॅटच घ्यायचा तर डोंबिवली काय वाईट होती?’ त्याला पेठच हवी. पेठांना तर साताऱ्यात तोटा नाही. आठवड्यातले बहुतेक वार त्यांना वाटून दिलेत, शिवाय यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, माची आहेतच. त्यामुळे सोमवार पेठेतलं घर मंगळवारी आणि मंगळवारातलं शनिवारी, असा त्याचा कार्यक्रम असतो, आणि त्यात घोटाळा फक्त बायकोचा होतो.

घर बघायचं त्याचं शास्त्र आहे. हातात पिशवी, पिशवीत टॉर्च, टेप आणि चार इंची खिळा. आत शिरल्यावर मालक ‘बसा की’ म्हणतो तोवर हा सोप्यातून माजघरात पोचलेला असतो. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करतो, कान लावतो आणि ‘पांढरी माती, अडीच फूट’ असं सांगतो, जणू मालकाला ते माहीतच नव्हतं. मग खिळा निघतो. तुळईला खालच्या बाजूने, भिंतीत शिरते तिथे, तो हळूच टोचतो. खिळा अडला तर चेहरा पडतो. आत गेला आणि पिवळसर भुगा तळहातावर आला, की तो सगळ्यांना दाखवतो. ‘वाळवी. माडीचा कडीपाट बदलायचा म्हणजे सागवानाचा भाव बघा आजचा.’ मालकाने घराची किंमत अजून सांगितलेलीही नसते.

“काका, घर न्हाय, सोनं हाय हे,” एजंट म्हणतो. “पाणी चोवीस तास.”

“कासचं का शहापूरचं?”

एजंट गप्प. साताऱ्याला कास तलावाचं पाणी डोंगरावरून उताराने येतं, शहापूर योजनेचं उरमोडीतून उपसून आणावं लागतं, आणि कुठल्या बोळात कुठलं पाणी किती वाजता येतं ही माहिती घरबघ्याने शेजारच्या वहिनींकडून आधीच काढलेली असते. तिथेच चहाही झालेला असतो. एकच घर तो मे महिन्यात पाण्यासाठी आणि जुलैत कौलांसाठी असं दोनदा बघतो. मधल्या काळात घर विकलं जातं. त्याचं त्याला वाईट वाटत नाही. उलट ज्याने घेतलं त्याची कीव येते.

खरा रंग चढतो तो कागदांवर. पेठेतल्या घराला सातबारा नसतो, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका असते. ती तो देवळातल्या पोथीसारखी बोट फिरवत वाचतो. वर आजोबांचं नाव, त्याला कंस. खाली चार मुलगे, त्यातल्या दोघांना कंस. त्यांच्याखाली नातवंडं: एक इचलकरंजीला, एक बडोद्याला, एक अमेरिकेत. प्रत्यक्ष घर पाच खणांचं आणि नावं अकरा. न्हाणीघर कुणाच्या वाट्याला, यावर तीस वर्षं बोलणं बंद आहे, हेही घरबघ्याला कळलेलं असतं.

“आत्यांचं हक्कसोड पत्र?” तो चष्म्यावरून विचारतो.

इथे घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. आत्यांचं लग्न झालं तेव्हा त्यांना पाटल्या दिल्या होत्या, विषय संपला होता, असा घरच्यांचा समज. घरबघ्याला मात्र सनावळी पाठ. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना बाहेर ठेवलं. 2005 साली केंद्राच्या दुरुस्तीने त्यांनाही आत घेतलं. आणि 2005 ला वडील हयात नसले तरी हरकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं. एवढं ऐकवून तो वर म्हणतो, ‘आणि हे काहीच नसतं तरी बापामागे मुलगी 1956 पासून वारस आहेच की.’ त्या रात्री घरातून आत्यांना फोन जातो. आत्याबाईंना आपला हिस्सा आहे हे त्या फोनवरच समजतं. व्यवहार मोडतो.

भाडेकरू हे पुढचं प्रकरण. माडीवर आजोबांच्या काळापासून बिऱ्हाड असतं, भाडं महिन्याच्या दुधाच्या बिलाहून कमी. मालक सांगतो, ‘ते काय, आज सांगितलं की उद्या जातील.’ घरबघ्या माडीवर जाऊन बिऱ्हाडकरूचे पोहे खातो आणि खाली येऊन जाहीर करतो की हा माणूस जाणार नाही, आणि त्याने जावं असं आता आपल्यालाही वाटत नाही. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. 31 मार्च 2000 पासून लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा तो भाडेकरूलाच समजावून आलेला असतो.

बँकेतही तो जाऊन येतो. बँक मंजूर नकाशा मागते. घर बांधलं तेव्हा नकाशा गवंड्याच्या डोक्यात होता.

सांगलीला मेहुणा असल्यामुळे घरबघ्याचा सांगलीतही वावर असतो. तिथे शास्त्र बदलतं. विश्रामबागला तो जात नाही. त्याला गावभागच हवा, गणपती मंदिराच्या आसपास, कृष्णा जवळ. कृष्णा किती जवळ, हाच तिथला प्रश्न. सांगलीकर पावसाळ्यात एकमेकांना तब्येत विचारायच्या आधी ‘आयर्विनला किती?’ विचारतात. 1929 सालच्या त्या पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांवर गेलं होतं. त्याआधी 2005 चा पूर, नंतर 2021 चा.

घर विकणारा अर्थातच हे सांगत नाही. भिंतीला ताजा रंग, दारात रांगोळी. घरबघ्या भिंतीकडे बघतच नाही. तो लाईटचे बोर्ड बघतो. बटणं डोक्याच्या वर, मीटर माडीच्या जिन्यात, फ्रिज चौथऱ्यावर. “वहिनी, तुम्हाला पंखा लावायला स्टूल लागत असेल नाही?” तो सहज विचारतो. वहिनींच्या तोंडून निघून जातं, “मग काय! एकोणीसला ह्या कोनाड्यापर्यंत होतं बघा.” मालकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. त्यानंतर पूररेषेचा नकाशा उघडतो. पंचवीस वर्षांतून एकदा येईल त्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल त्याची लाल. घर दोन्ही रेषांच्या मधे. “2005, 2019, 2021,” घरबघ्या बोटं मोडतो. “शंभर वर्षं फार लवकर होतात हो तुमच्याकडे.”

हा माणूस कधीच घर घेत नाही असं म्हणतात, ते सर्वस्वी खरं नाही. एकदा दोनदा तो इसार देण्यापर्यंत येतो. खरेदीखत बायकोच्या नावाने करायचं हे ठरलेलं असतं, कारण 1 एप्रिल 2021 पासून घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे आणि नोंदणी फी काही झालं तरी 30 हजारांच्या वर जात नाही. बायकोला हे आकडे पाठ झालेत. ‘एक टक्का वाचवायला नव्याण्णव टक्के खर्चावे लागतात, ते कधी खर्चणार?’ असं तिने विचारलं की तो म्हणतो, पाऊस बघू आणि ठरवू.

चेष्टा पुरे, कारण या माणसाची थोरवी वेगळीच आहे. त्याने नाकारलेली घरं पुढे दुसरे घेतात. साताऱ्यातला एखादा तरुण मास्तर, सांगलीतला हळदीच्या पेढीवरचा दिवाणजी, ज्यांना नव्या वसाहतीतले भाव झेपत नाहीत. त्यांच्या हाती तोवर बरंच काही आयतं पडलेलं असतं. आत्यांच्या सह्यांची बोलणी सुरू झालेली असतात, वाळवीची तुळई मालकानेच चिडून बदललेली असते, बोर्ड कितीवर आहेत हे गावभर झालेलं असतं आणि भाव खाली आलेला असतो. वकील सर्च रिपोर्टसाठी तीस वर्षांचे दप्तर चाळतो आणि फी घेतो. घरबघ्याने हेच काम दोन कप चहावर केलेलं असतं. नवा मालक वास्तुशांतीला त्याला आवर्जून बोलावतो. तो येतो, आणि जेवणाआधी एकदा खिळा टोचून बघतो.

तेव्हा पेठेत किंवा गावभागात जुनं घर घ्यायचं मनात असेल, तर आधी असा एखादा घरबघ्या गाठा. पिशवीसकट घेऊन जा, हवं ते टोचू द्या, हवं त्या वहिनीकडे चहा पिऊ द्या. फक्त इसाराच्या दिवशी त्याला जेवायला सासुरवाडीला पाठवा.