भरिताशेजारची खालच्या फळीवरची बाटली

लाल वाइन महाग असावी आणि तिच्यासोबत चीज असावं, हा नियम ज्यांनी केला त्यांच्याकडे थंडीत वांगी भाजत नसावीत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतलं दणदणीत जेवण म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे आणि सोबत बाजरीची भाकरी. या ताटाशेजारी चार आकडी किमतीची बाटली ठेवली की ताटाचंही नुकसान आणि बाटलीचंही. इथे शोभते ती दुकानातल्या खालच्या फळीवरची, कोवळी, किंचित गोडसर नाशिकची लाल वाइन. हे मत चिक्कूपणातून आलेलं नाही. निदान, केवळ चिक्कूपणातून आलेलं नाही.

महागड्या लाल वाइनचा रुबाब बराचसा टॅनिनचा असतो. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. ओकच्या पिंपात मुरताना त्यात आणखी भर पडते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून जीभ तुरट आणि कोरडी होते. समोर मांसाचा जाडजूड तुकडा असला तर ते त्यातल्या प्रथिनांमागे लागतं आणि निवळतं. भरितात मांस नाही, मिरची मात्र सढळ आहे. शिवाय मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकांना पेटवतं, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं. म्हणजे कडक, भारदस्त वाइनचा घोट घेतला की तिखट आणखी भडकतं, आणि पिंपातल्या मुरवणीचे पैसे नाकाडोळ्यांतून वाहून जातात. हलक्या वाइनमध्ये टॅनिन बेताचं, आणि थोडी साखर राहिली असेल तर ती तिखटाला आवर घालते. उरलेलं काम लोण्याचं. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा उचलून आत लोण्याचा गोळा सरकवावा, तो वितळून कडेने ओघळू लागला की त्या घासाने भरीत उचलावं आणि मग घोट घ्यावा. कॅप्सेसिन स्निग्धात विरघळतं. वाइनला भांडायला फारसं कुणी उरत नाही. तांबड्या रश्श्यापुढे मात्र कुठलीही बाटली उघडू नये. तिथे पाण्याचा तांब्या बरा.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं सांगतात. ही खोली युरोपातल्या जुन्या, गारठलेल्या घरातली, सोळा-अठरा अंशांची. मे महिन्यातल्या नाशिकच्या खोलीत ठेवलेल्या वाइनचा काढा होतो. थंडीत मात्र निफाडकडे पारा इतका उतरतो की मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. वर्षातून एवढे दोनच महिने तो युरोपी नियम आपल्याकडे फ्रिजशिवाय पाळता येतो.

स्वस्त म्हणजे चवीला कमी, असा आक्षेप येणारच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किंमत न सांगता घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चवचाचण्या तपासल्या, तेव्हा सामान्य माणसांना महाग वाइन किंचित कमीच आवडल्याचं दिसलं. जाणकारांचं वेगळं, पण जाणकार भरीत खायला बोलावल्याशिवाय येत नाहीत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तीच वाइन दोन किमती सांगून पाजली, तर चढ्या किमतीची जास्त आवडली आणि मेंदूतल्या सुखाच्या भागातही तसंच दिसलं. तेव्हा पाहुणे आल्यावर किंमत दुप्पट सांगावी; चव फुकटात वाढते.

वाइनने ऊब येते, ही सबब मात्र देऊ नये. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं खरं, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. उबेसाठी गोधडी आहे. खरा बिनतोड आक्षेप ताकाचा. ताकातलं केसिन कॅप्सेसिनला वाइनपेक्षा कितीतरी चांगलं आवरतं आणि ताक स्वस्तही पडतं. यावर एकच उत्तर आहे: रात्री ताक पिऊ नये, असं घरातली वडीलधारी माणसंच सांगतात. वाइनबद्दल त्यांनी काहीच सांगून ठेवलेलं नाही, आणि आता मुद्दाम विचारायला जाण्यात शहाणपण नाही.