चिलखत एकाचं, उद्योग दोघांचा

‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपरचं पांढरंशुभ्र चिलखत घरी तयार करणं हा वरवर पाहता विज्ञानकथेचा छंद आहे, प्रत्यक्षात ती संसाराची तोंडी परीक्षा आहे, असं माझं मत आहे. पुरावा त्या चिलखतातच सापडतो. एबीएस प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर बसवायचा आणि खालून हवा खेचून घ्यायची, की छाती, पाठ, दंड, मांड्या, पोटऱ्या अशी टरफलं निघतात. हातापायांची टरफलं अर्धी पुढची, अर्धी मागची. ती अंगावर बेतून कापायची आणि सांध्यावर पट्टी चिकटवून जोडायची. आता आपल्याच मांडीच्या मागे पेन्सिलची खूण कोण करणार? पाठीवरचं टिचबटण कोण लावणार? दंडांत नळकांडी चढली की हात मागे वळतच नाहीत. आकाशगंगेला धाक दाखवणाऱ्या या शिपायाला कपडे घालायला दुसरं माणूस लागतं, आणि घरातलं दुसरं माणूस म्हणजे बहुधा बायको. (बायको चिलखतात आणि नवरा टिचबटणाशी, अशीही घरं आहेत, मुद्दा बदलत नाही.)

यावर कोणी म्हणेल, युरोपातल्या सरदारांनाही चिलखत चढवायला हाताखाली पोरगा लागायचाच. लागायचा, पण त्या पोराला पुढेमागे स्वतः सरदार होण्याची आशा असे. बायकोला आशा असते ती जेवणाचं टेबल कधीतरी रिकामं होण्याची.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: तयार पोशाख विकत मिळत असताना हा खटाटोप कशाला? तर अस्सलपणासाठी. आणि इथे मला थोडं वाहवत जाऊ द्या, कारण हा अस्सलपणा फार मजेशीर आहे. 1977च्या त्या सिनेमासाठी शिरस्त्राणं घाईत आणि बेतात बनली. दोन बाजू सारख्या नाहीत, कानाचे तुकडे हाताने कापून स्क्रूने बसवलेले, गालांवरच्या पट्ट्या ब्रशने ओढलेल्या. कारागिराला वेळ मिळाला असता तर त्याने हे सगळं सरळ केलं असतं. आज हौशी मंडळी तोच वाकडेपणा जुनी छायाचित्रं भिंगाखाली धरून शिकतात. सिनेमात एका शिपायाचं डोकं दारावर आपटतं. ती चूक झाकायची सोडून 2004च्या डीव्हीडीत तिला ‘ठक्’ असा आवाजही दिला गेला! 2011मध्ये तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प नव्हे, असा निकाल दिला. वाद कॉपीराइटचा होता. पण दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ते ठेवायचं की माळ्यावर, या प्रश्नावर कोणत्याही गृहिणीला यापेक्षा वरच्या कोर्टाचा दाखला मिळणार नाही.

तिसरा आक्षेप असा की हा निव्वळ मिरवण्याचा सोस आहे. हे मात्र मी मान्य करतो, आणि त्यात आम्हा नवऱ्यांची कमाल अशी की चेहऱ्याचा एक इंचही दिसत नसलेल्या पोशाखात आपण रुबाबदार दिसतो, याबद्दल आमच्या मनात शंका नसते. पण मिरवायला तरी एकट्याने कुठे जमतं? शिरस्त्राणातून समोरचं जेमतेम दिसतं, स्वतःचे पाय अजिबात दिसत नाहीत. धड बसता येत नाही. आत घामाच्या धारा. 1997मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फाइव्ह-ओ-फर्स्ट लीजन’ या हौशी संघटनेतले शिपाई असे नटून मुलांच्या इस्पितळांतही जातात. आणि अशा शिपायांच्या पुढे साध्या कपड्यातलं कोणी ना कोणी चालत असतं. “पायरी आहे. आता उजवीकडे. खाली एक छोटा मुलगा आहे, सांभाळून.” पुष्कळदा तो आवाज जोडीदाराचा असतो. इतक्या विश्वासाने आम्ही एरवी घरात तिचं काही ऐकत असतो, तर या छंदाची गरजच पडली नसती.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. लोक शिपायाला गराडा घालतात, खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि मोबाइल देतात तो तिच्याच हातात: “जरा फोटो काढता का?” चिलखतातल्या दर सांध्यावर जिचा हात फिरलेला आहे, ती एकाही फोटोत नसते. तेव्हा वाचकहो, असा शिपाई कुठे दिसलाच, तर आधी शेजारी पाण्याची बाटली, गोंद आणि स्क्रूड्रायव्हरची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला फोटोत बोलवा. मोबाइल शिपायाच्या हातात द्या. त्याला नीट दिसणार नाही, चालेल.