पासिंगचं काय?

हिंगोलीत कुणी अंगणात जुनी गाडी खोलायला घेतली, की तासाभरात तिच्याभोवती चार जण उभे राहतात. हात लावायला नाही, विचारायला. पहिला प्रश्न, "काय करायलेत मिस्त्री?" दुसरा, "ॲव्हरेज काय देईल?" आणि तिसरा, जरा मागं सरून, खिशात हात घालून विचारलेला, "पण पासिंगचं काय?" इंजिन अजून विटांवर आहे, सीटच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची आहे, आणि यांना पासिंगची काळजी.

मला मात्र तो प्रश्न रास्त वाटतो. गाडी जोडणं आपल्याकडे तितकंसं अवघड नाहीच. ज्या जिल्ह्यात हळद शिजवायचे कुकर चाकांवर बसवून शेतोशेत फिरवतात, जाळीचं पिंप ट्रॅक्टरच्या पीटीओवर फिरवून हळद घासतात, आणि घासणाऱ्याच्या भुवयासुद्धा पिवळ्या करून सोडतात, तिथल्या वेल्डरला चार चाकांवर एक सांगाडा उभा करायला सांगितलं, तर तो फक्त पाइप कोण आणणार एवढंच विचारेल. अडतं ते कागदापाशी.

साहेबाच्या देशातही सगळं कागदावरूनच सुरू झालं. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची चिमुकली गाडी काढली. तयार गाडीवर तिथं खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोटस हीच गाडी सुटी करूनही विकायची. घरी न्या, जोडा, कर वाचवा. सरकारही कच्च्या गुरूचा चेला नव्हतं. जोडायच्या सूचना सोबत द्याल तर सवलत नाही, असा नियम होता. मग म्हणे लोटसने गाडी खोलायच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचल्या. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला, पळवाट बुजली, सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. हा चॅपमन हळदीच्या अडतीवर सहज खपून गेला असता.

पुढं त्या देशात हा छंदच झाला. ठोकलेली नाहीतर गंजलेली गाडी स्वस्तात घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग काढायचं आणि नव्या सांगाड्यात बसवून वर फायबरची बॉडी चढवायची. आपल्याकडे असा माल काढायला सगळ्यांत सोयीची म्हणजे मारुती ८००. १९८३ ते २०१४ एवढा काळ ती बनत राहिली, त्यामुळे भंगारात तिची टंचाई नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि गिअरबॉक्स एका गठ्ठ्यात पुढच्या दोन चाकांच्या मधे बसलेले. तो गठ्ठा उचलून मागं ठेवला की कागदावर तरी स्पोर्ट्स कार तयार.

आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने हेच आरंभलं. गंजलेल्या नटांवर रॉकेल सोडून रात्रभर वाट बघणं, सकाळी पाना लावल्यावर नटाऐवजी बोल्टच तुटणं, हे सगळं त्याने शांतपणे घेतलं. त्याची परीक्षा वायरिंगने पाहिली. जुन्या गाडीतून वायरांचा गुंता काढताना त्याने प्रत्येक टोकाला पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलं होतं: हॉर्न, पंखा, डावा इंडिकेटर. ग्रीसच्या हातांनी निम्मी शाई पुसली गेली. एका पट्टीवरचं मात्र शेवटपर्यंत ठसठशीत राहिलं, 'काय माहीत'. त्या वायरीला करंट दिला की वायपर हलायचे. काचच नव्हती, म्हणून वायपर हवा पुसायचे. आणि स्टिअरिंग! नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं अख्खं देऊळ फिरलं म्हणतात. हे चाक फिरवायला पहिले काही दिवस दोन माणसं लागत.

हिंमत खचू नये म्हणून त्याने मोबाइलमध्ये एक व्हिडिओ जपून ठेवला आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांच्या छोट्या जीपचा. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. लोहारांनी मुलाच्या हौसेखातर दुचाकीचं इंजिन आणि भंगारातले भाग जमवून साठेक हजारांत ही जीप उभी केली. ती चालू करायची ती चक्क किक मारून. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ पाहिला. ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही, पण कौतुक वाटल्यावाचून राहत नाही, अशा अर्थाचं काही लिहून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. पुढच्या जानेवारीत देवाणघेवाण झाली आणि छोटी जीप कंपनीकडे गेली. घरच्यांना ती द्यायची नव्हती, असंही तेव्हा छापून आलं होतं. मला त्यात नवल वाटलं नाही. बोलेरो पैसे टाकले की येते.

मिस्त्रीला या गोष्टीतली बोलेरो आवडते, मला वेगळंच आवडतं. महिंद्रा कंपनीने स्वतः जीप आणली ती कशी? स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेच्या विलिज कंपनीचे सुटे भाग खोक्यांत भरून मुंबईला येत, आणि इथं ते जोडून जीप उभी राही. म्हणजे लोहारांनी केलं तेच, फक्त खोकी नवी होती आणि सोबत परवाना होता.

आता परवान्याचं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या तपशिलांना सोडून गाडीत बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. मग म्हणावं, बदल नाही, ही नवीनच गाडी आहे. तर नवीन गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून आणावा लागतो. मिस्त्रीला बिचाऱ्याला एकच गाडी हवी आहे. कायद्याला वाटतं हा कारखाना टाकतोय. कारखाना टाकायला निघालेल्यांचंही काही सोपं झालं नाही म्हणा. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या कल्पनेतून 'मीरा' ही छोटी गाडी घडवली, सत्तरच्या दशकात ती बारा हजारांच्या आसपास देता येईल असा हिशेब मांडला, आणि गाडी नमुन्यापलीकडे गेली नाही.

तरी ब्रेकचा विषय निघाला की मी कायद्याच्या बाजूने असतो. स्वतः वेल्डिंग केलेल्या सांगाड्यात बसून नांदेड रस्त्यावर साठच्या वेगाने जाणाऱ्याच्या शेजारी मला बसायचं नाही, आणि समोरूनही यायचं नाही. अर्थात त्याच रस्त्यावर रात्री मागच्या दिव्याशिवाय उसाची ट्रॉली डुलत जाते, तिला कुणी पासिंग विचारत नाही. हे मिस्त्री मला दर वेळी ऐकवतो आणि दर वेळी मी चहा मागवतो.

एमएच ३८ ची पाटी काही त्याच्या गाडीला लागली नाही. गाडी सध्या त्याच्या स्वतःच्या रानात असते, विहिरीपासून खळ्यापर्यंत हळदीची पोती ओढते, आणि ते काम झकास करते. फायबरच्या बॉडीचा नाद त्याने सोडलाय. तेवढ्या जागेत अजून दोन पोती बसतात. आता त्याला मागं ट्रॉली लावायची आहे. वसमतला कुणाकडे तरी जुन्या मॅटाडोरचा ॲक्सल पडून आहे म्हणे. रविवारी बघायला जायचंय, आणि किलोवर देतो की नगावर, हे मी फोन करून विचारायचं ठरलं आहे.