सक्षम प्राधिकाऱ्यांच्या परवानगीने

निरा नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा आणि पलीकडे सातारा, हे बारामती तालुक्यातल्या सांगवीला भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र २०२० साली कळला. फलटणचा बाजार, फलटणचा दवाखाना, फलटणचे व्याही, सगळे पूल ओलांडला की हाताशी. करोनाने पूल जागेवरच ठेवला, पण पलीकडे परमुलूख सुरू झाला. जूनमध्ये जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरायला मोकळीक मिळाली, तेव्हा साथीचे माहेरघर असलेल्या पुणे शहरात शंभरेक किलोमीटर जायला सांगवीकराला कागद लागत नव्हता. समोरच्या काठावर जायला ई-पास लागत होता. विषाणूला जिल्ह्याची हद्द कळत असावी, अशी शासनाची श्रद्धा होती.

ई-पासचा अर्ज ऑनलाइन. फोटो ठरावीक केबीच्या आत हवा, आधार कार्ड हवे, गाडीचा नंबर हवा, डॉक्टरचे प्रमाणपत्र हवे आणि प्रवासाचे कारण हवे. आता ‘म्हातारीने तीन दिवस अन्न सोडलंय आणि तुझ्या नावाचा घोशा लावलाय’ हे कारण कुठल्या रकान्यात बसवायचे? गावातला एखादा शिकलेला पोरगा मोबाइल वर धरून रेंज शोधायचा, फोटो बारीक करायचा, पुन्हा चढवायचा. मग ‘अर्ज प्रलंबित’.

कारण बसवण्याची कला ज्यांना अवगत होती, त्यांचे काही अडले नाही. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी ऐन भरात असताना, ‘डीएचएफएल’वाले उद्योगपती वाधवान यांचे कुटुंब आणि त्यांचा लवाजमा, एकूण २३ माणसे, पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचले. हद्द तीच, पुणे आणि साताऱ्याची. हातात गृह विभागाचे तत्कालीन प्रधान सचिव (विशेष) अमिताभ गुप्ता यांचे पत्र होते आणि कारण होते कौटुंबिक आणीबाणीचे. बोभाटा झाल्यावर गुप्ता यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. शिक्षा म्हणतात ती हीच असेल, तर ती भोगायला राज्यातले बरेच अधिकारी तयार होतील.

ई-पासचा शेवटही त्याच्या इतमामाला शोभेसाच झाला. २० ऑगस्टला एसटी जिल्ह्याबाहेर सुटली आणि तिच्यातल्या प्रवाशाला पास नको, असे ठरले. म्हणजे अनोळखी माणसांबरोबर एसटीत बसून गेलात तर बिनपासाचे, आणि एकटेच स्वतःच्या गाडीतून गेलात तर पास दाखवा. हा चमत्कार २ सप्टेंबरपर्यंत चालला. मग पास रद्द झाला. का आला होता आणि का गेला, याचा हिशेब कोणी मागितला नाही आणि कोणी दिलाही नाही.

द्यायची गरजही नव्हती. ज्या साथरोग कायद्याच्या जोरावर हे सारे चालले तो १८९७ चा, प्लेगच्या साथीतला. मूळची अवघी चार कलमे. त्यातले चौथे कलम असे की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. त्या वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात घरांच्या झडत्या घेणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर २२ जूनच्या रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. इंग्रज गेले. सद्भावना फायलीत सुरक्षित राहिली.

मग २०२१ साल उजाडले आणि लस आली. १ मेपासून १८ वर्षांवरच्यांना लस, पण आधी ‘कोविन’ पोर्टलवर नोंदणी, मग ओटीपी, मग स्लॉट. स्लॉट उघडायचा आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भरून जायचा. शहरातली चपळ बोटांची मंडळी खेड्यातल्या केंद्रावर नंबर लावून चारचाकीतून यायची. गावातले पोरगे धारा काढून हात पुसेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. आपल्याच आरोग्य केंद्राच्या आवारात पाहुण्यांची पंगत आणि घरचे वाढप्याच्या भूमिकेत, अशी गत राज्यातल्या कितीतरी गावांनी पाहिली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लसच पुरेना, म्हणून १८ ते ४४ वयाचे लसीकरण राज्याने थांबवले. त्याच आठवड्यात बारामतीचे तत्कालीन आमदार आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या समाजमाध्यमांचे काम बाहेरच्या संस्थेला देण्याचा सुमारे सहा कोटी रुपयांचा शासन आदेश बाहेर आला. टीका होताच तो रद्द झाला. लशीचा तुटवडा काही तितक्या चपळाईने रद्द करता आला नाही.

दुसऱ्या लाटेतले निर्बंध उठवण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी. ३ जून २०२१ रोजी तत्कालीन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी जाहीर केले की १८ जिल्हे खुले. दुकानदार शटरच्या कुलपाला किल्ली लावतो न लावतो, तोच शासनाचा खुलासा आला की असा निर्णय झालेलाच नाही, प्रस्ताव विचाराधीन आहे. मग वडेट्टीवार म्हणाले, तत्त्वतः. या एका शब्दावर महाराष्ट्र किती वर्षे जगतो आहे! पुढे पाच स्तरांचा आदेश निघाला आणि आपला जिल्हा या आठवड्यात कितव्या स्तरात, हे पाहून चहावाला आधण ठेवू लागला.

हसण्यासारखे इथवरच. करोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये द्यायचे ठरले, तेही सर्वोच्च न्यायालयाने सरकारला भाग पाडले तेव्हा. पुन्हा पोर्टल, पुन्हा ओटीपी, पुन्हा दाखले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण करोनाचे नसेल तर चाचणीचा अहवाल आणा. तोही नसेल तर जिल्ह्याच्या समितीपुढे जा. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्राला फटकारले, कारण ३७ हजार अर्ज येऊनही तोवर एकालाही पैसे मिळाले नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये राज्याने आकडे दिले. सरकारी नोंदीतले मृत्यू १ लाख ४१ हजारांहून अधिक, आलेले अर्ज २ लाख १३ हजारांहून अधिक, आणि पैसे पोचलेली घरे सुमारे ९२ हजार.