शार्क पाहिलेला नागपूरकर

शार्क पाहिलेला नागपूरकर हा समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर राहणारा गृहस्थ आहे. वय चाळीस ते पंचावन्न. व्यवसाय बांधकाम, सीए किंवा शिकवणी वर्ग. वस्ती धरमपेठ, त्रिमूर्तीनगर आणि अलीकडे बेसा. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर धावूनही आमण्याला संपतो, समुद्राला काही टेकत नाही. म्हणून हा गृहस्थ समुद्राकडे विमानाने जातो. पोहता येणे ही त्याची अट नाही. अंबाझरी आणि फुटाळा या तलावांच्या काठी त्याचे आयुष्य गेलेले असते, पण काठीच. पाण्याशी त्याचा नियमित व्यवहार म्हणजे मे महिन्यात कूलर भरणे.

हा प्रकार उत्पन्न झाला तो वाघामुळे. ताडोबा, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला नागपूरहून सकाळी निघून गाठता येतात, त्यामुळे एकेकाळी वाघ पाहिलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत जो मान होता तो उरलेला नाही. सोसायटीच्या वॉचमननेही वाघ पाहिलेला असतो, आणि जवळून. तेव्हा असा प्राणी हवा होता की जो आठशे किलोमीटरच्या परिसरात कुणी पडताळून पाहू शकणार नाही. मात्र भाषा ताडोब्याचीच राहिली. बोटीवर चढताच हा गृहस्थ विचारतो, "सायटिंग सकाळी चांगली का संध्याकाळी?" शार्क दिसला नाही तर पैसे परत मिळतात का, हेही विचारतो.

त्याची वाटचाल पायरीपायरीने होते. पहिली पायरी तारकर्ली. तिथे शार्क दिसत नाही. पण मालवणच्या खानावळीत मोरीचे मटण म्हणून तो जे दोनदा मागून घेतो ते लहान शार्कचेच असते, आणि हे त्याला कुणी सांगत नाही. दुसरी पायरी अंदमानचे स्वराज द्वीप, ज्याला तो 2018 च्या नामांतरानंतरही हॅवलॉकच म्हणतो. तिसरी मालदीव. त्या देशाने 2010 मध्ये शार्कची शिकार सरसकट बंद केली, कारण मेलेला शार्क एकदाच विकला जातो आणि जिवंत शार्क दर पर्यटकाला नव्याने विकता येतो. हे अर्थशास्त्र इतवारीतल्या कोणत्याही व्यापाऱ्याला पहिल्या फटक्यात समजते. तिथल्या रिसॉर्टच्या गुडघाभर पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांची शार्कची पिल्ले फिरत असतात. ती लाकडी धक्क्यावरून कॉफी पिताना पाहिलेले लोकही स्वतःला याच प्रकारात मोजतात. शास्त्र त्याला मान्यता देत नाही, रिसेप्शन देते.

बुडी मारण्याआधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. रक्तदाब, दमा, कानाचे दुखणे, चालू औषधे: सगळ्यांपुढे तो "नाही" लिहितो. हाच गृहस्थ धंतोलीतल्या डॉक्टरसमोर या यादीतले निम्मे आजार गेल्याच महिन्यात स्वतःहून सांगून आलेला असतो. पुढे प्रशिक्षक खुणा शिकवतो. अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ म्हणजे सगळे ठीक. नुसता अंगठा वर म्हणजे मला वर घेऊन चला. या वेळी आपला गृहस्थ कॅमेऱ्याची बॅटरी तपासत असतो.

नवशिक्याला बारा मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि तेवढ्या खोलीतही प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून त्याला सामानासारखा हाताळतो. दहा मीटरवर अंगावरचा दाब जमिनीच्या दुप्पट होतो. नाक चिमटीत धरून फुंकर मारली नाही तर कान ठणकतात. घाबरलेला माणूस भरभर श्वास घेतो आणि सिलिंडर लवकर संपवतो, म्हणून त्याची बुडी मुळातच छोटी असते. प्रवाळाच्या कपारीखाली शार्क सापडतो तो बहुधा नर्स शार्क. हा रात्री खेकडे, शेवंडे आणि छोटे मासे शोधतो व दिवसा झोपतो. पोहत राहिले नाही तर शार्क मरतो असे सांगतात, ते याला लागू नाही. एका जागी पडून तोंडाने पाणी आत ओढत तो श्वास घेऊ शकतो. अशा या झोपलेल्या प्राण्यासमोर गृहस्थाला आनंद अनावर होतो. तो कॅमेऱ्याकडे पाहून अंगठा वर करतो. प्रशिक्षक त्याला तत्परतेने वर घेऊन जातो.

यापुढचा सर्वांत महत्त्वाचा काळ जमिनीवरचा. पाण्याखाली वस्तू तिच्या खऱ्या आकाराहून सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, हा प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम आहे. नागपुरात हा नियम हवेतही चालू राहतो. विमानतळावर सहा फुटांचा असलेला शार्क तर्री पोह्यांच्या ठेल्यावर नऊ फुटांचा होतो आणि दिवाळीपर्यंत बोटीच्या लांबीशी बरोबरी करतो. तो जागा केव्हा झाला हे मात्र कळत नाही. "चावत नाही का बे तो?" असे कुणी विचारले की उत्तर तयार असते: "चावेल कसा? मी डोळ्यात डोळे घालून पाहून राहिलो होतो ना!" बुडीनंतर अठरा तास विमानात बसू नये, नाहीतर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हा एकमेव खरा तपशील तो अचूक सांगतो, कारण त्यापायी हॉटेलची एक जादा रात्र भरावी लागलेली असते.

कथेला धोका असतो तो बायकोचा. तीही त्याच बोटीने गेलेली, शांत श्वास घेतल्यामुळे जास्त वेळ खाली राहिलेली, आणि व्हिडिओ तिनेच काढलेला. तिचे कथन दोन वाक्यांचे असते: "होता एक, झोपला होता. ह्यांनी अंगठा दाखवला अन् ते ह्यांना वर घेऊन गेले." म्हणून ठेल्यावरच्या बैठकीला तो शक्यतो एकटा जातो.

शेकड्यात एखादा यातून पुढे सरकतो. जलतरण तलावात रीतसर शिकतो, अठरा मीटरचे कार्ड मिळवतो आणि मालदीवच्या दक्षिणेला फुवामुला बेटावर टायगर शार्क पाहून येतो. बंदरात मासे साफ करून टाकलेल्या तुकड्यांच्या वासाने ते तिथे जमतात. वयाबरोबर त्यांचे पट्टे फिके होतात. जगभरात छेड न काढता झालेले शार्कचे हल्ले वर्षाला साधारण साठ-सत्तर असतात. हे सगळे खरे सांगणारा माणूस ठेल्यावर टिकत नाही. त्याच्या बोलण्यात लोक पोहे संपवून उठतात.

मूळ प्रकाराचे आयुष्य एक-दोन हंगामांचे. त्याच सोसायटीतला चौथ्या मजल्यावरचा शेजारी मालदीवची तिकिटे दाखवू लागला की शार्कची वाढ थांबते, आणि गृहस्थ नॉर्वेला आकाशातले हिरवे दिवे कोणत्या महिन्यात दिसतात याची चौकशी सुरू करतो. सायटिंगची खात्री आहे का, हेही विचारतो.